भायखळा स्टेशन: १८५७ची इमारत, तिच्यावर चढलेले थर आणि ते उतरवण्याचं काम

चिंचपोकळीकर

भायखळा म्हणजे राणीच्या बागेसाठी उतरायचं स्टेशन, जलद गाडीही थांबते ते स्टेशन, एवढीच बहुतेकांची ओळख. ज्या इमारतीतून आपण तिकीट काढून फलाटावर जातो तिचं मूळ बांधकाम १८५७ साली पुरं झालं आहे, हे गर्दीत लक्षात येत नाही. जुलै २०१९ ते एप्रिल २०२२ या काळात तिचं जतनकाम झालं. त्यावर इथे तपशिलात चर्चा व्हावी म्हणून हा धागा. आधी थोडा इतिहास, कारण कुठला भाग जुना आणि कुठला मागाहून चिकटवलेला हे कळल्याशिवाय पुढचं काम समजणार नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ची. नाना शंकरशेट तिच्या हिंदी संचालकांपैकी एक. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली. १६ एप्रिल १८५३ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला निघाली, हे सगळ्यांना माहीत असतं. भायखळ्याचा संबंध त्याही आधीचा. १८५२ साली कंत्राटदारांचं 'फॉकलंड' हे इंजिन भायखळ्याच्या आसपासच रूळ-मातीच्या कामाला जुंपलं होतं. मुंबईकरांनी वाफेचं इंजिन पहिल्यांदा पाहिलं ते इथे. पुढे कंपनीचा इंजिनांचा कारखानाही आधी भायखळ्यालाच होता, परळचा कारखाना १८७९ मधला.

१८५३ मध्ये इथे होतं ते लाकडी बांधकाम. आज दिसते ती दगडी इमारत १८५७ची. तेव्हा भायखळा गावाबाहेरची ऐसपैस बंगल्यांची वस्ती. घोड्यांच्या शर्यतीही महालक्ष्मीच्या आधी इथेच व्हायच्या. मग आसपास गिरण्या आल्या, १८६२ला बाग आली, १८७२ला बागेतलं वस्तुसंग्रहालय आलं. १९२५ला मुंबईत विजेची लोकल सुरू झाली आणि सगळी उपनगरी वाहतूक बदलली. स्टेशन होतं तिथेच राहिलं, गर्दी शेकडो पटींनी वाढली.

प्रत्येक वाढीबरोबर इमारतीवर काहीतरी चढत गेलं. रंगाचे थर, विजेच्या नळ्या, पाट्या, पत्रे, बंद केलेल्या कमानी. माझ्या मते या कामाचं मोल तिथे नवीन काय बसवलं यात नाही, काय काढलं यात आहे.

माझगावकर

छान धागा. एक शंका. देशातलं सर्वांत जुनं स्टेशन म्हणून भायखळ्याचं नाव सगळीकडे फिरतं. ते बरोबर आहे का? आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आता भायखळाही आहे ना?

चिंचपोकळीकर

दोन्ही ठिकाणी गफलत होते, म्हणून नीट लिहितो.

जागा धरली तर भायखळा १८५३ पासून सलग वापरात आहे, आणि तेवढा जुना मान देशात फार थोड्या स्टेशनांचा. पण उभी इमारत धरली तर चेन्नईचं रोयापुरम १८५६चं आहे, म्हणजे भायखळ्याच्या आधीचं. बोरीबंदरचं मूळ बांधकाम गेलं आणि त्या परिसरात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची मोठी वास्तू १८७८ पासून दहा वर्षांत उभी राहिली. तेव्हा 'सर्वांत जुन्यांपैकी एक' एवढंच म्हणावं. तेही कमी नाही.

जागतिक वारसा यादीत आहे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ पासून. भायखळ्याला मिळाला तो युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा जतन पुरस्कार, २०२२चा, 'अवॉर्ड ऑफ मेरिट' या श्रेणीतला. त्याच वर्षी त्याच पुरस्कारांतली सर्वोच्च श्रेणी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतनकामाला मिळाली. यादीत वास्तूचं महत्त्व पाहून नाव घातलं जातं. हा पुरस्कार जतनकामाच्या दर्जासाठी असतो. तो मिळाल्याने वास्तूला कायद्याचं वेगळं संरक्षण लाभत नाही, म्हणून हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

काम कोणी केलं तेही सांगतो. मध्य रेल्वे, 'आय लव्ह मुंबई' ही संस्था, बजाज समूहाच्या न्यासाचा निधी आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा.

गुळचुना

दगडाबद्दल मी लिहिते. हा विषय भायखळ्यापुरता नाही. गावोगावच्या देवळांवर, वाड्यांवर, वेशींवर हाच अत्याचार झाला आहे.

मुंबईचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. घट्ट, कमी सच्छिद्र. त्यावर तैलरंग किंवा प्लास्टिक रंग फासला की वर्षभर तुकतुकीत दिसतो. मग पावसाचं पाणी बारीक चिरेतून रंगामागे जातं आणि तिथेच अडकतं. फुगे येतात, पोपडे सुटतात, त्यावर पुन्हा रंग. असे कित्येक थर चढले की नक्षीची धार बुजते, छिन्नीचे घाव दिसेनासे होतात, सांधा कुठे आणि दगड कुठे हेही कळत नाही.

हे थर उतरवताना पहिला नियम असा: सगळ्यांत सौम्य उपाय आधी, आणि तोही नजरेआडच्या कोपऱ्यात. ३० सेंटिमीटर लांब-रुंद असे तीन-चार चौकोन आखायचे. एकावर साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश, एकावर वाफ, एकावर रंग सोडवणारा लेप. आठवडाभर थांबून, दगड पूर्ण सुकल्यावर निकाल पाहायचा. ओला दगड सगळीकडे सुंदरच दिसतो, त्यावर निर्णय घेतला की फसगत होते.

लेप लावायचा तर दोन ते तीन मिलिमीटर जाड, वरून प्लास्टिकचा कागद, १२ ते २४ तास. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. लोखंडी पट्टी नको, तिचे कण दगडात राहतात आणि पावसाळ्यात तांबडे डाग फुटतात. शेवटी कमी दाबाच्या पाण्याने धुणं, लेपाचा अंशही राहता कामा नये. तैलरंगाचे सात-आठ थर असतील तर हे एकदा करून भागत नाही, दोनदा-तीनदा करावं लागतं. निम्मा खर्च इथेच जातो.

निवडुंग

वाळूचा मारा केला तर हेच काम एका दिवसात होतं. ठेकेदार तेच सुचवतात. बेसाल्ट तर कठीण असतो, मग त्याला काय होणार?

गुळचुना

निवडुंग, दगड फुटत नाही हे खरं, पण त्याचा पृष्ठभाग जातो. पाथरवटाने छिन्नीने काढलेल्या बारीक रेघा, कडेची सरळ पट्टी, हे सगळं मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या खोलीत असतं. वाळूच्या माऱ्याने ते भुईसपाट होतं आणि खरबरीत झालेल्या दगडावर धूळ दुप्पट बसते. सांध्यांतला चुना तर मिनिटभरात उडून जातो. शिवाय स्टेशनावर कोरडी वाळू उडवायची म्हणजे सिलिकाची धूळ प्रवाशांच्या छातीत.

आम्लाचंही तसंच. स्वस्त म्हणून आम्लाने धुतात. बेसाल्टमध्ये लोहयुक्त खनिजं असतात, आम्लाने ती उघडी पडतात आणि महिन्याभरात दगडावर गंजासारखा पिवळा-तांबडा रंग उमटतो. चुन्याचा सांधाही विरघळतो. कॉस्टिक सोडा वापरला तर क्षार आत राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पांढरी बुरशी आल्यासारखे बाहेर येतात.

आणखी एक, जे बहुतेक जण विसरतात: जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. खरवडलेला चुरा कोरडा झाडायचा नाही. खाली प्लास्टिक अंथरून ओला असतानाच गोळा करायचा, गोणीत बांधून वेगळा काढायचा. काम करणाऱ्यांना चांगला मुखवटा आणि हातमोजे हवेतच, आणि हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही.

रुळांलगत

दगडाचं गुळचुनाताईंनी लिहिलंच आहे. चालू स्टेशनात काम करणं हा वेगळा प्रकार आहे, त्याबद्दल थोडं.

भायखळ्यावरून धावणाऱ्या गाड्यांना वरच्या तारेतून २५,००० व्होल्टचा प्रवाह मिळतो. मध्य रेल्वेची ही मुख्य मार्गिका आधी १,५०० व्होल्ट डीसीवर होती, २०१५ मध्ये बदल पुरा झाला. या तारेच्या दोन मीटरच्या आत माणूस, हत्यार, शिडी, ओली दोरी, काहीही जाता कामा नये. स्पर्श व्हायलाच हवा असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. पाण्याचा फवारा तर तारेच्या दिशेने कधीच नाही.

म्हणून फलाटाकडच्या बाजूचं, छताच्या कडेचं काम रात्रीच्या ब्लॉकमध्येच, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेल्या वेळेतच, करता येतं. शेवटची लोकल गेल्यावर वीज बंद केल्याचा लेखी परवाना हातात यायला हवा, मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीला जोडणाऱ्या दांड्या लावायच्या. हे झाल्याशिवाय परांचीवर कोणी चढायचं नाही. सकाळी उलट क्रम: माणसं खाली, सामान मोजून खाली, दांड्या काढल्या, परवाना परत, मग वीज. कागदावर ब्लॉक तीन तासांचा असला तरी प्रत्यक्ष हात चालतात ते दोन तास. लेपाला २४ तास लागतात आणि हातात दोन तास, त्यामुळे एका रात्री लावायचा, दुसऱ्या रात्री काढायचा, आणि मधल्या दिवसभर तो झाकलेला कागद गाडीच्या वाऱ्याने सुटणार नाही असा बांधायचा. सुटलेला कागद तारेत अडकला तर सगळी लाईन बंद पडते.

लोखंडी परांचीही तारेने जमिनीला जोडलेली हवी. खालून जाळी, आणि प्रवाशांच्या डोक्यावर फळ्यांचं छप्पर. शंभर ग्रॅमचा पोपडा दहा मीटरवरून पडला तरी इजा करतो.

कामाचा कालावधी वाढला त्याला महासाथीचंही कारण होतं. मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात लोकल थांबल्या, जूनच्या मध्यात फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाल्या, सगळ्यांसाठी ठरावीक वेळेत फेब्रुवारी २०२१ मध्ये. बाहेरून वाटतं की स्टेशन मोकळं असताना काम सोपं झालं असेल. पण कारागीर, चुना, लाकूड, काहीच जागेवर पोचत नसेल तर मोकळ्या फलाटाचा उपयोग काय?

माझगावकर

या परवान्याच्या क्रमाची कल्पनाच नव्हती. आता रात्रीच्या ब्लॉकची पाटी वाचताना वेगळं वाटेल.

गुळचुनाताई, सांधे भरण्याबद्दल लिहाल का? सिमेंटने भरलेलं चालत नाही असं नेहमी ऐकतो, पण का ते कोणी सांगत नाही.

गुळचुना

दगडी भिंतीत ओल येणारच. पाऊस, जमिनीतली ओल, फुटकी पन्हळ. प्रश्न ती बाहेर कशी पडते एवढाच. मऊ वालुकाश्म असेल तर थोडी दगडातूनही सुकते. बेसाल्टमधून जवळजवळ नाही. म्हणजे काळ्या दगडाच्या भिंतीला श्वास घ्यायला सांधे तेवढेच. त्या सांध्यांत सिमेंट ठासलं की तोंड बंद झालं. वर सिमेंट आक्रसतं, दगडाच्या कडेला केसाएवढी भेग पडते, तिच्यातून पावसाचं पाणी आत ओढलं जातं आणि परत येत नाही. मग ते आतल्या बाजूला निघतं: गिलावा फुगतो, भिंतीत रोवलेली सागवानी तुळईची टोकं कुजतात. बाहेरून भिंत भक्कम दिसते आणि छत खाली येऊ लागतं.

चुन्याने दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायची रीत अशी. जुना सिमेंटचा सांधा हातछिन्नीने काढायचा. कटर लावला की दगडाची कड कापली जाते, आणि ती परत येत नाही. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर. धूळ फुंकून काढायची, सांधा पाण्याने भिजवायचा, पण पाणी साचलेलं नको.

चुना कळीचा, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे. कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी नाही. उसळून डोळ्यात गेलं तर दृष्टी जाते, चष्मा लावूनच. विरलेला चुना गाळून पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्यायचा, जास्त मुरला तर उत्तमच. मिश्रण साधारण १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग धुतलेली नदीची वाळू. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटेचा चुरा, तिच्यामुळे चुना दमट हवेतही घट्ट होतो. समुद्राची वाळू कधीच नको, मीठ येतं. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालण्याची परंपरा आहे आणि तिला अर्थ आहे, पण अंदाजाने नाही. गूळ जास्त झाला तर मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात.

भरताना १० ते १२ मिलिमीटरचा एकेक थर, खालचा थोडा आवळल्यावर वरचा. सांधा दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायचा, दगडावर पसरवायचा नाही. मग ओलं गोणपाट सात ते दहा दिवस. बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते इथे: भरणारा गवंडी कुशल असतो, पण चौथ्या दिवसापासून पाणी मारायला कोणी नसतं. चुना भुरभुरीत राहतो, आणि दोष चुन्याला दिला जातो.

हंगाम दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्याच्या उन्हात चुना फार लवकर सुकतो, आणि पावसात धुऊन जातो.

निवडुंग

+१. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाला काळ्या दगडावर भगवा तैलरंग आहे. गावाला पटवायचं कसं, हा खरा प्रश्न.

गुळचुना

एक चौकोन साफ करून दाखवा, मागच्या बाजूला. शक्य तर छिन्नीच्या रेघा असलेला दगड निवडा. रंगाखाली काय आहे हे डोळ्यांनी पाहिलं की बोलणं सोपं होतं. आणि स्वच्छ झालेल्या दगडावर चमक आणणारं वॉर्निश किंवा सिलिकॉन मारू देऊ नका, पाणी पुन्हा आत अडकेल. मूर्तीवरच्या शेंदराला मात्र हात लावायचा नाही. तो पूजेचा भाग आहे, त्याचा निर्णय पुजारी आणि गाव घेतील.

ओतीव

लोखंड आणि लाकूड राहिलं, ते मी पुरं करतो.

जुन्या स्टेशनांतले खांब, कंस, जाळ्या बहुतेक ओतीव लोखंडाच्या. ओतीव लोखंड दाब सोसतं, ताण आणि ठोका सोसत नाही. त्याला साधं वेल्डिंग केलं की सांध्याशेजारी तडा जातो, कधी लगेच, कधी थंड झाल्यावर. तडा असेल तर धातूच्या कड्यांनी थंड शिवण घालतात, किंवा पट्टी लावून बोल्टने आवळतात. खांबावर लहान हातोडीने टकटक करा: घंटेसारखा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत पोकळ गंज किंवा तडा.

त्या काळी कित्येक ठिकाणी पोकळ खांबातूनच छताचं पावसाचं पाणी खाली नेलेलं असे. वरचं तोंड पानांनी तुंबलं की पाणी आत उभं राहतं आणि खांब आतून सडतो, बाहेर रंग चकचकीत. अशा खांबात काँक्रीट ओतून 'मजबुती' देणं सर्वांत वाईट. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब येतो आणि खांब उभा चिरतो. आत वेगळी नळी सोडणं किंवा पाणी दुसरीकडे वळवणं हाच मार्ग.

रंगकामात मुंबईच्या हवेची अडचण. घासून साफ केलेलं लोखंड काही तासांत पुन्हा तांबूस होतं. त्यामुळे सकाळी घासलं ते दुपारच्या आत झिंक फॉस्फेट प्रायमरखाली गेलंच पाहिजे. उद्यासाठी ठेवायचं नाही.

सागवान शंभर-दीडशे वर्षं सहज टिकतं, कुजतं ते भिंतीत रोवलेलं टोक. सगळी तुळई बदलायची गरज नसते. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून, तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट लांबीचा तिरपा सांधा घालून जुन्या सागाचाच तुकडा जोडायचा. नवं टोक भिंतीत बसवताना दोन्ही बाजूंना बोटभर हवा खेळती ठेवायची, नाहीतर वीस वर्षांनी हेच काम पुन्हा.

रुळांलगत

ओतीवदादांच्या यादीत एक भर. वायरी आणि पाट्या. इंडिकेटर, कॅमेरे, भोंगे, पंखे हे स्टेशनाला लागणारच, ते काढून टाकता येत नाहीत. पण दगडात भोक पाडायचं नाही, सांध्यात पाडायचं. सांधा पुन्हा भरता येतो. खिळे-पट्ट्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या. साधं लोखंड समुद्राच्या हवेत फुगतं आणि दगडाचा तुकडा उडवतं. केबलसाठी एकच मार्ग आखून द्यायचा, कंगोऱ्याच्या (भिंतीवरच्या पुढे आलेल्या दगडी कडेच्या) वरच्या बाजूने, खालून दिसणार नाही असा. हा मार्ग आखून दिला नाही तर पुढचा ठेकेदार स्वतःला जवळ पडेल तिथून नळी नेतो, आणि पाच वर्षांत सगळं होतं तसं.

फलाटांच्या उंचीचाही विचार हवा. गाडी आणि फलाट यांतल्या फटीचे अपघात थांबावेत म्हणून मुंबईत फलाट ९०० मिलिमीटरच्या वर नेले गेले. ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण जुन्या इमारतीपाशी उंची वाढवताना खांबांचे पाय आणि दारांचे उंबरे गाडले जातात आणि पावसाचं पाणी उलट इमारतीकडे वळतं. उतार रुळांच्या बाजूला हवा की इमारतीच्या, आणि इमारतीच्या बाजूला असेल तर मधे झाकणाचं गटार आहे का, एवढं प्रत्येक वेळी तपासावं.

माझगावकर

आणि पिंपळ? मुंबईतल्या प्रत्येक जुन्या भिंतीवर उगवलेला दिसतो.

गुळचुना

उपटायचा नाही. मुळं सांध्यांत फिरलेली असतात, ओढलं की दगड सुटतो. खोड वीतभर ठेवून कापायचं, कापलेल्या तोंडाला भोकं पाडून त्यात लगेच, त्याच दिवशी, तणनाशक सोडायचं आणि प्लास्टिकने बांधायचं. दोन-तीन महिन्यांनी मूळ मेलं की हळूहळू मोकळं करून पोकळी पातळ चुन्याने भरायची. रोप करंगळीएवढं असतानाच काढलं तर यातलं काहीच लागत नाही, म्हणून वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीच्या सुमारास, छताची आणि कंगोऱ्यांची फेरी हवी.

चिंचपोकळीकर

सर्वांचे आभार, एवढं तपशिलात येईल असं वाटलं नव्हतं.

हे स्टेशन २९ एप्रिल २०२२ला नव्या रूपात प्रवाशांसाठी खुलं झालं. आता पुढची काळजी. लोकलच्या ब्रेकमधून उडणारी लोखंडी धूळ रुळांकडच्या दगडावर बसणार आणि पावसात तांबूस ओघळ उतरणार. ती पाण्याने आणि मऊ ब्रशने वर्षातून एकदा काढली तर निघते, साचू दिली तर लेपच लागतो. पानाच्या पिचकारीचंही तेच: ओली असताना बादलीभर पाण्याने जाते. सफाई कर्मचाऱ्यांच्या हाती आम्लाची बाटली न देता ब्रश आणि पाणी द्यावं, ही सूचना लेखी देऊन ठेवायला हवी.

पन्हळी आणि पाणी उतरण्याच्या नळ्या १५ मेपर्यंत साफ, पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन कुठे गळतंय ते पाहणं, आणि दिसलेल्या जागेवर खडूने खूण करणं. पाऊस थांबल्यावर ती जागा शोधून सापडत नाही.

निवडुंग

खडू दगडावर चालेल ना? तैलखडूने खूण केली तर पुन्हा डाग.

गुळचुना

साधा पांढरा शाळेचा खडू. आणि खूण छताच्या आतल्या बाजूला, बाहेर पावसात टिकणार नाही.